पोट लहान केलं, घर तेच राहिलं

गेल्या संक्रांतीची गोष्ट. आरमोरीला आमच्या गटाचं हळदीकुंकू होतं. आम्ही ते सगळ्याजणींना बोलावून करतो. विधवा, टाकलेल्या, लग्न न केलेल्या, कुणालाच वगळत नाही. याचा आम्हाला थोडा अभिमानही आहे. तिळाच्या लाडूंचं ताट फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं आणि मी एक लाडू उचलला. शेजारच्या बाईने माझं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काऊन वं बाई, तीन लाख घालून पोट कापून घेतलं, अन् अजून तोंडाले खीळ नाही?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. लाडू ताटात परत ठेवला.

घरी आले. दिवा न लावता स्वयंपाकघरात गेले आणि उभ्या उभ्या डब्यातली साखर चमच्याने खाल्ली. एक, दोन, तीन चमचे. अर्ध्या तासात छाती धडधडायला लागली, पोटात कळा आल्या, घामाने लुगडं ओलं झालं. दोन तासांनी हातपाय थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाई म्हणाल्या, "हिले बाहेरचं काही झालं." नवरा म्हणाला, "बाहेरचं नाही, साखरेचा डबा पाहा."

मैत्रिणींनो, मी शिक्षिका आहे. पंचवीस वर्षं चळवळीत आहे. मोर्च्यात, शिबिरात, पोलीस ठाण्यासमोर मी कधी अंधारात उभी राहिले नाही. मग तीन चमचे साखरेसाठी मला चोरासारखं अंधारात का उभं राहावं लागलं? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. आता तो तुम्हाला विचारते आहे, कारण त्याचं उत्तर माझ्या एकटीच्या मनात नाही.

"गडचिरोलीत हे काय काढलंस?"

पहिला आक्षेप आपल्यातूनच येणार, म्हणून त्याचं आधी पाहू. ज्या जिल्ह्यात बायकांच्या अंगात रक्त नाही, पोरं कुपोषित आहेत, तिथे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचं रडगाणं कशाला? ही शहरातल्या श्रीमंत बायकांची दुखणी.

मी हा आक्षेप हलका मानत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९ ते २१ चे आकडे बघा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे १९ टक्के गरजेपेक्षा कमी वजनाच्या आहेत आणि २४ टक्के जास्त वजनाच्या. ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. वजन जास्त आणि रक्त कमी, अशा बाया यात असणारच. लठ्ठपणा म्हणजे पोटभर आणि चांगलं खाणं, हा समजच मुळात खोटा आहे. आमच्याकडे ताटात भात डोंगराएवढा आणि वरण तळाशी. दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, कारण चहाने भूक मरते आणि कामाला उभं राहता येतं. हे खाणं बाईला एकाच वेळी जाडही करतं आणि उपाशीही ठेवतं.

माझं तेच झालं. दोन बाळंतपणं, मग पाळीच्या तक्रारी, मग चाळिशीच्या आत मधुमेह. गोळ्या वाढल्या, मग इन्सुलिन आलं, गुडघे गेले. वजन एकशे आठ किलो. मी शस्त्रक्रिया करून घेतली ती साडी चांगली दिसावी म्हणून नाही, वर्गात उभं राहता यावं म्हणून. आणि समजा एखादीने साडीसाठी केली, तरी तिला अंधारात साखर खायला लावण्याचा अधिकार कुणाला मिळतो?

याच जिल्ह्यात राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ती १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हे दुखणं त्या बायकांना काय तपासणीच्या दिवशी सुरू झालं होतं? तोवर कुणी विचारलंच नव्हतं. "हे आपल्याकडे नाही" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ "आपण विचारलं नाही" एवढाच असतो.

शरीरात होतं ते काय?

आता थोडं शरीराबद्दल. हे मला शस्त्रक्रियेआधी कुणी नीट मराठीत सांगितलं असतं तर बरीच वर्षं वाचली असती, म्हणून सविस्तर लिहिते.

या शस्त्रक्रियांचे मुख्य प्रकार दोन. एकात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात, उरते ती केळ्यासारखी नळी. याला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या बाजूला एक लहानशी पिशवी करतात आणि ती खालच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न मधला रस्ता टाळून जातं. हा बायपास. मधुमेह होता म्हणून माझा बायपास झाला. मधुमेहावर त्याचा गुण येतो, हे खरं आहे. माझं इन्सुलिन सुटलं. ही शस्त्रक्रिया म्हणजे फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही.

पहिले काही महिने भूक जवळजवळ नसते. भूक लावणारी संप्रेरकं कमी झालेली असतात, चवही बदलते. ज्या जिलेबीसाठी जीव टाकायचे तिचा वास नको वाटतो. बाईला वाटतं, सुटलो. घरचेही म्हणतात, सुटली. पण वर्ष-दीड वर्षात भूक पुन्हा डोकं वर काढते, तशी गोडाची ओढही. हे अनेकांना होतं. यात तुमच्या चारित्र्याचा काही संबंध नाही.

बायपासनंतर, आणि कधी स्लीव्हनंतरही, साखर पोटात थांबत नाही, एकदम आतड्यात उतरते. आतडं पाणी ओढून घेतं, म्हणून अर्ध्या तासाच्या आत मुरडा, धडधड, घाम, जुलाब. यापुढचं जास्त वाईट. रक्तात साखर झपाट्याने चढते, तिला उतरवायला इन्सुलिनचा लोंढा येतो आणि एक ते तीन तासांत साखर गरजेपेक्षा खाली जाते. थरथर, अंधारी, चिडचिड आणि पुन्हा जोराची गोडाची ओढ. म्हणजे सकाळी खाल्लेली साखर दुपारची साखर मागते, दुपारची संध्याकाळची. बाहेरून पाहणाऱ्याला बाई हावरट दिसते. आत मात्र एक चक्र फिरत असतं, त्याला शिव्या देऊन ते थांबत नाही.

ते थांबतं कशाने? ऐकायला सोपं आहे. दर तीन-चार तासांनी थोडं थोडं खायचं. आधी डाळ, अंडं, मासळी, दही, हरभरा, मग भाजी, भात शेवटी आणि थोडा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं. सावकाश, चावून चावून खायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही, आधी आणि नंतर प्यायचं. रिकाम्या पोटी गोड तर नाहीच. गूळ, मध, खजूर आणि आमचे मोहफुलांचे लाडू ही "नैसर्गिक" म्हणून सुटलेली नाहीत. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते. शरीराला गुळाची आणि साखरेची जात वेगळी कळत नाही. एखाद्या सणाला गोड खायचंच असेल तर जेवणाच्या शेवटी, लहान घास, बसून, सगळ्यांदेखत. आणि जन्मभर बी-बारा, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या. पाळी येणाऱ्या बाईला लोहाची गरज तर जास्तच. साखर फार खाली जाऊन शुद्ध हरपायची वेळ आली तर तेव्हा मात्र थोडी साखर द्यावीच लागते. पण लगेच मागून प्रथिनांचं काही खायचं आणि असं पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना सांगायचंच.

आता हे सगळं आपल्या घरात बसवून दाखवा.

शेवटी जेवणारी बाई

दर तीन तासांनी खायचं. कुणी? जिने पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे करायचे आणि स्वतः अकराला पहिला घास घ्यायचा, तिने. सावकाश बसून खायचं. कुठे? जिच्या घरी बाईने पुरुषांआधी ताट वाढून घेतलं तर सासू भांडी आपटते, तिथे. ६० ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागवायचं तर दिवसाला दहा. आमच्या घरी अंडी येतात ती पोरांसाठी आणि पुरुषांसाठी. मासळी आणली तर तुकडे त्यांना, रस्सा आपल्याला. डाळ उरली तर. उरतो तो भात. आणि दुपारी चार वाजता, घर निजलेलं असताना, हाताशी फुकट असं एकच काही असतं: साखरेचा डबा.

नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात माझी शस्त्रक्रिया झाली. सुट्टी देताना आहाराचा कागद हाती दिला. इंग्रजीत. त्यात ग्रीक दही, टोफू, एव्होकॅडो, व्हे पावडर. वैनगंगेच्या काठी मासळी, मामा तलावातले झिंगे, सुकट, पोपटाच्या शेंगा, मूग, हरभरा, ताक हे सगळं मिळतं. यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. मी विचारलं, "मॅडम, गोड खावंसं वाटलं तर?" उत्तर आलं, "विल पॉवर ठेवायची." फोन नंबर दिला. तिथे लागलेला माणूस दर वेळी वेगळा. नागपूर इथून साडेतीन-चार तास, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत. एक दिवसाची रजा, एसटीचं भाडं आणि "तिथं जाऊन काय करते?" हा प्रश्न, एवढं मोजल्यावर मी तिसऱ्या तपासणीपासून जाणं सोडलं. नोंदवहीत माझ्या नावापुढे काय लिहिलं असेल ते मी सांगू शकते: रुग्ण सूचना पाळत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते. घरोघर पाहुणे, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं, चुलीवर सतत चहाचं भांडं. त्या दिवसांत बाई किती वेळा चहा करते आणि त्यातला किती पिते, मोजलंय कधी? दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. त्याच्या दुप्पट साखर नुसत्या चहातच गेली. आणि ती चैन म्हणून पोटात गेलेली नसते. झोप आणि जेवण यांच्या जागी ती गेलेली असते.

म्हणून मी म्हणते, माझं पोट लहान केलं, घर तेच राहिलं. जठर कापायला दीड-दोन तास लागतात. ताट वाढण्याचा क्रम बदलायला कुणी हात लावत नाही. आणि त्या क्रमातून जी भूक तयार होते, तिला नाव द्यायचं "बाईची हाव".

हे आपण आधी ऐकलंय

"मन आवर" हा उपदेश आपल्याला नवा नाही. दारूबंदीच्या वेळी हेच ऐकवलं जायचं. दारू हा ज्याचा त्याचा प्रश्न, नवऱ्याला बायकोने नीट सांभाळलं तर तो पिणार नाही, ज्याला प्यायची तो पिणारच. आपण काय उत्तर दिलं? आपण व्यसनी माणसाला नाही, भट्टीला आणि परवान्याला जबाबदार धरलं. गावोगावच्या बायकांनी लावून धरलं तेव्हा १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला विधानभवनापर्यंत पायी गेल्या. तिथे २०१५ च्या एप्रिलात बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. त्या बंदीचं यश-अपयश यावर आपल्यात मतभेद आहेत, ते असू देत. पण एक गोष्ट आपण तेव्हा शिकलो: ओढ ही एकट्या माणसाच्या मनात जन्मत नाही. ती पुरवली जाते, विकली जाते, स्वस्त केली जाते आणि मग तिचा दोष ज्याला ती लागली त्याच्या माथी मारला जातो.

मग दारूला लावलेला हा विचार साखरेपाशी येऊन का थांबतो? पाच रुपयांचा बिस्किटपुडा, दहा रुपयांचं रंगीत गोड पाणी आज जंगलातल्या शेवटच्या टोल्यापर्यंत पोचतं. तिथे मूगडाळ, अंडी त्या भावात पोचत नाहीत. मी साखरबंदीची मागणी करत नाही. पण ज्या तोंडाने आपण "दुकान बंद करा" म्हटलं, त्याच तोंडाने एका बाईला "तोंडाले खीळ घाल" म्हणताना आपल्याला काहीतरी खटकायला हवं.

आणखी एक. बायपासनंतर दारू फार लवकर चढते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षापासून दारूच्या आहारी जाण्याचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत २०१२ साली दिसलं. म्हणजे गोडावर पहारा बसवून बाईला एकटं सोडलं, तर ओढ दुसरी वाट शोधू शकते. तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्याची जबाबदारी टाके काढल्यावर संपत नाही.

साखरेची दुसरी वाट

साखर बाईच्या शरीरात फक्त तोंडाने शिरत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ साली बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यातल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. पाळी आली, खाडा झाला, दंड बसला. पांढऱ्या पाण्याचा त्रास, अंगावर पडणारं दुखणं, फडात ना पाणी ना आडोसा. यावर उपाय काय सुचवला गेला? काढून टाका.

मागे जाऊन पाहा. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली, कारण पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता ठेवणं जड जात होतं. आपल्या शेजारी छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात, नोव्हेंबर २०१४ मध्ये एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यानंतरच्या दिवसांत डझनाहून जास्त बायका मेल्या. बाई व्यवस्थेत बसत नाही, तर व्यवस्था वाढवायची नाही, बाईचा एखादा अवयव कमी करायचा, ही रीत जुनी आहे.

मी माझ्या शस्त्रक्रियेची तुलना त्या बायकांशी करत नाही. मला कुणी फसवलं नाही, कुणी लुटून नेलं नाही, माझ्या सहीने झालं. मला गुण आला. पण सही करताना माझ्यापुढे दुसरा कुठला रस्ता होता, हे विचारायचा हक्क मला आहे. मधुमेह सुरू झाला त्या पहिल्या वर्षी मला तालुक्यात कुणी आहाराचा सल्ला दिला असता, माझं ताट बदललं असतं, मला रोज एक तास चालायला घराने मोकळं सोडलं असतं, तर कदाचित गोष्ट इथवर आली नसती. कदाचित आली असती. पण तो प्रयोग कुणी केलाच नाही.

बाजार कुठे थांबतो

रस्त्यावरचे फलक पाहा. "आधी" आणि "नंतर". आधीच्या चित्रात बाई उदास, केस विस्कटलेले, गाऊनवर. नंतरच्या चित्रात हसरी, केस मोकळे, कमरेवर हात. चित्रं दोनच. तिसरं चित्र, तीन वर्षांनंतर दुपारी चार वाजता साखरेच्या डब्यापाशी उभी असलेली बाई, कुणी लावत नाही.

२०११ साली आपल्या नागपूरचे नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. पुरुषाने प्रकृतीसाठी घेतलेला शहाणा निर्णय म्हणून लोकांनी ते घेतलं आणि ते योग्यच होतं. २०१७ साली इजिप्तहून इमान अहमद नावाची स्त्री उपचारासाठी मुंबईला आणली गेली. तिचं वजन रोज मथळ्यात, तिचा पलंग, तिला उचलणारी क्रेन, सगळं चित्रांत. त्याच वर्षी सप्टेंबरात अबू धाबीत ती गेली. आज तिचं नाव घेतलं की लोकांना पहिल्यांदा आठवतो तो किलोचा आकडा. पुरुषाच्या वजनाला प्रकृती म्हणतात, बाईच्या वजनाचा तमाशा होतो.

विम्याचंही तसंच. २०१९ मध्ये विमा नियामकाने ठरवून दिलं की शरीरभार निर्देशांक ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त असून हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह असे गंभीर आजार असतील, तर ही शस्त्रक्रिया विम्यातून नाकारता येणार नाही. चांगली गोष्ट आहे. पण विमा पैसे देतो खाटेचे आणि सुरीचे, आणि मागचे-पुढचे ठरावीक दिवसांचे. जन्मभराच्या गोळ्या, वर्षावर्षाची रक्ततपासणी, आहाराचा सल्ला, मनाशी बोलणारं माणूस, हे बाईच्या पदरच्या पैशाने. आणि बाईच्या पदरच्या पैशाचं घरात काय होतं ते मी सांगायला नको. पहिल्यांदा बंद होतात त्या तिच्या गोळ्या.

आता २०२५ पासून वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं देशात विकली जाऊ लागली आहेत. त्यांचेही फलक लागतील. इंजेक्शन थांबलं की भूक परत येते, हे त्या फलकावर किती मोठ्या अक्षरात असेल ते बघू.

"आहे तशी स्वतःवर प्रेम कर"

शेवटचा मुद्दा आपल्या शहरी मैत्रिणींशी. त्या म्हणतात, बाईने सुंदर दिसण्याच्या दडपणाला बळी पडू नये, जाड शरीराचा स्वीकार करावा, शस्त्रक्रिया म्हणजे शरण जाणं. यातलं अर्धं मला पटतं. बाईच्या जाडीवर बोलण्याचा हक्क कुणाला नाही. पण माझे गुडघे, माझे डोळे, माझी मूत्रपिंडं मधुमेहाने जात होती. तेव्हा "स्वीकार कर" म्हणणं हा सुद्धा उपदेशच झाला. एक म्हणते पोट कापून घेतलंस आता तोंड आवर, दुसरी म्हणते पोट कापलंसच कशाला. दोघींच्या मधे मी अंधारात उभी. माझ्या शरीराचा निर्णय मी घेतला. आता तो निभावायला मला सोबत हवी, निकाल नको.

मग करायचं काय?

संक्रांतीनंतर महिनाभराने मी गटाच्या बैठकीत हे सगळं बोलले. साखरेच्या डब्यासकट. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग माझं मनगट धरणारी तीच बाई म्हणाली, "मी बी रातच्याला चोरूनच खातो बाप्पा. मले तं आपरेशन बी नाही झालं." ती मधुमेही आहे. त्या दिवशी आणखी चार-पाच जणींनी आपापले डबे उघडले.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. बैठकीत चहा बिनसाखरेचा, साखर वेगळी, जिला हवी ती घेईल आणि तिला कुणी काही म्हणणार नाही. बिस्किटांऐवजी उकडलेला हरभरा नाहीतर अंडी. आठवड्यातून एकदा दुपारी चारला, म्हणजे त्या वाईट वेळेला, आम्ही एकत्र बसून खातो. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे प्रत्येकीने घरात एक वेळचं जेवण तरी सगळ्यांबरोबर बसून घ्यायचं. दोघींच्या घरी भांडणं झाली. माझ्या सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्याही माझ्यासोबत ताट घेऊन बसल्या. त्यांनीही आयुष्यभर शेवटीच जेवलं होतं. माझी ओढ गेलेली नाही. पण ती आता आठवड्यातून कधीतरी येते आणि आली की मी फोन करते, डबा उघडत नाही. उघडला तरी दिवा लावून उघडते.

पण एवढ्याने व्यवस्था सुटत नाही. आपण मागायला हवं ते हे. शस्त्रक्रियेआधी बाईला तिच्या भाषेत, घरच्यांच्या गराड्याबाहेर, पुढच्या पाच वर्षांत काय होऊ शकतं ते सांगा, गोडाच्या ओढीसकट, आणि लिहून द्या. आहाराचा कागद तिच्या बाजारात मिळणाऱ्या अन्नाचा असू द्या. नंतरची रक्ततपासणी आणि गोळ्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मिळू द्या, दर वेळी नागपूर कशाला? विम्याने सुरीबरोबर सोबतीचेही पैसे द्यावेत. रेशनवर तांदूळ मिळतो, तशी डाळ आणि तेल नियमित द्या. आणि आपल्या आरोग्य शिबिरांत पाळी, बाळंतपण, रक्तदाब विचारतो तसा एक साधा प्रश्न प्रत्येकीला विचारा: "बाई, तू घरात केव्हा जेवतेस आणि तुझ्या ताटात काय उरतं?"

हा अंक वाचून झाल्यावर तुमच्या गटातही हा प्रश्न विचारून पाहा. आणि पुढच्या हळदीकुंकवाला एखादीने लाडू उचलला, तर तिचं मनगट धरू नका. शेजारी बसा, आणि तिने सकाळपासून काय खाल्लंय ते विचारा.